घरच्या घरी मडफ्लॅप: क्रशरचा पट्टा, रबर शीट की एचडीपीई?

मुरूमवाट (सातारा):
गाडी थार, टायर २४५/७५ आर १६. वापर निम्मा हायवे, निम्मा मेढा-बामणोली बाजूच्या कच्च्या वाटा. महिन्यातून दोन-तीनदा वाळवा तालुक्यात शेताच्या पाणंदीत जाणं होतं. आत्ताचे फ्लॅप (चाकामागे लोंबणारे, चिखल-खडे अडवणारे पडदे) आखूड आहेत. दाराखालचा पत्रा आणि मागच्या चाकामागचा भाग खड्यांनी सोलून निघतोय.

खडी क्रशरचा जुना पट्टा भंगारात मिळतोय, १० मिमी जाड, आत कापडाचे थर. चारही चाकांना त्याचेच करावेत का? मापं कशी काढायची, जमिनीपासून किती वर ठेवायचे? आणि रिव्हर्स घेताना फ्लॅप टायरखाली सापडून पत्र्यासकट उपटतो म्हणतात, त्याला उपाय काय?

भंगारातलं_सोनं (कुपवाड):
पट्टा मागे एकवेळ चालेल, पुढे अजिबात नको.

वजनाचा हिशोब बघा. ३० बाय ४५ सेंमीचा फ्लॅप १० मिमी पट्ट्याचा केला तर एकेक दीड ते पावणेदोन किलो भरतो. तोच ६ मिमी रबर शीटचा किलो-सव्वा किलो, आणि ३ मिमी एचडीपीईचा (टणक प्लास्टिकची शीट) ४०० ग्रॅमच्या आसपास. पावणेदोन किलोचं लोढणं प्रत्येक खड्ड्याला झोके खाणार आणि तो सगळा हिसका पातळ पत्र्यावर येणार. काही महिन्यांत बोल्टच्या भोकाभोवती केसासारखी चीर दिसायला लागते.

शिवाय पट्ट्याच्या कापलेल्या कडेतून पाणी आत शिरतं, थर सुटतात आणि खालून पापुद्रे निघतात. पट्टाच वापरायचा असेल तर सगळ्या कडा आणि भोकांच्या आतल्या बाजू पंक्चरच्या सोल्युशनने दोनदा माखा, मधे पूर्ण वाळू द्या. घेण्याआधी कापलेली कड नीट बघा. काही पट्ट्यांत कापडाऐवजी पोलादी तारा असतात, तो घेऊच नका. तार बाहेर आली की टायरची बाजू चिरते.

माझं मत विचाराल तर ५ ते ६ मिमीची साधी, कापड नसलेली रबर शीट. दुकानात 'इन्सर्शन' म्हणून जी मिळते तिच्यात कापड असतं, ती नको. कारण खाली कोणीतरी सांगेलच. एमआयडीसीतल्या रबर-पॅकिंगच्या दुकानांत शीट किलोवर मिळते. १ मीटर रुंद रोलमधून ६० सेंमी लांब तुकडा घ्या, साडेपाच किलोच्या आत बसतो आणि ३० बाय ४५ चे चार फ्लॅप निघतात. कोपरा दुमडून पूर्ण घडी घाला. घडीवर पांढुरक्या भेगा दिसल्या तर भेसळीचं रबर आहे, एका उन्हाळ्यात तडकेल.

४५ सेंमीची बाजू रोलच्या रुंदीकडून काढा. मग रोलचा उरलेला बाक फ्लॅपला उभ्या पन्हाळीसारखा मिळतो. टेपमापाची पट्टी बाकामुळे जशी ताठ राहते तसा फ्लॅप वाऱ्यात कमी फडफडतो. पोकळ बाजू टायरकडे.

कापताना कटरच्या पात्याला साबणाचं पाणी लावत राहा आणि एका दमात आरपार न जाता तीन-चार हलक्या ओढीत कापा. ग्राइंडर लावलात तर धूर, वास आणि जळकी कड.

चाकोरी (कराड):
मापाचं मी सांगतो.

रुंदी: टायर २४.५ सेंमी, दोन्ही बाजूंनी अडीच-अडीच जास्त, म्हणजे ३० सेंमी. टायर चाकावरच्या कमानीबाहेर आलेला असेल तर बाहेरची बाजू तेवढी वाढवा.

उंची: लोक रिकाम्या गाडीला माप घेतात आणि इथेच चुकतात. चार माणसं, डिझेल आणि सामान पडलं की मागची बाजू बरीच खाली बसते. भरल्या गाडीत फ्लॅपची खालची कड जमिनीपासून २० ते २२ सेंमी राहिली पाहिजे. फ्लॅप जिथे आवळणार ती जागा जमिनीपासून ६० सेंमीवर असेल तर ६० वजा २२ म्हणजे ३८, अधिक वर आवळायला लागणारे ५, एकूण ४३. आधी ४५ चाच कापा. खालून कमी करता येतं, जोडता येत नाही.

टायरपासून अंतर: किमान १० सेंमी. या टायरचा व्यास ७७ सेंमी आहे, म्हणजे फ्लॅप टायर टेकतो त्या जागेपासून साधारण ४९ सेंमी मागे येतो. खालची कड २२ वर असेल तर जे खडे उसळून अंगावर येतात ते बहुतेक अडतात, अगदी सपाट सुटणारे खालून निघून जातात. त्यांचा पत्र्याला त्रास नाही. फ्लॅप आणखी १० सेंमी मागे नेता आला तर तेवढ्याच आडोशासाठी तो ५ सेंमी वर उचलता येतो, दगडधोंड्यात हा मोठा फायदा. मात्र मागे नेला की खडे बाजूलाही पसरतात, म्हणून रुंदी ३-४ सेंमी वाढवावी लागते.

पुढच्या चाकांना पुठ्ठ्याचा साचा लावून स्टेअरिंग दोन्ही बाजूंना फुल्ल कट मारून बघा. टायरची मागची कड एका बाजूला आत शिरते, दुसऱ्या बाजूला बाहेर येते. बहुतेक वेळा फ्लॅपचा आतला वरचा कोपरा तिरका छाटावा लागतो. हेच परत एक चाक दगडावर चढवून करा. सपाट जागेवर मोकळा दिसणारा फ्लॅप बंप स्टॉप (सस्पेन्शन पूर्ण दबलं की टेकणारा रबरी ठोकळा) टेकला की टायरला घासतो. पुठ्ठ्यापेक्षा जुन्या फ्लेक्सचा तुकडा बरा, तो रबरासारखा वळतो.

बोल्ट_पान्हा (मिरज):
आता उपटण्याबद्दल. फ्लॅप टायरखाली सापडला की काहीतरी तुटणारच. काय तुटावं हे आपण आधी ठरवायचं. साधं रबर असेल तर भोकापाशी फाटून सुटतं, पत्रा वाचतो. कापडवाला पट्टा फाटत नाही, मग पत्रा किंवा प्लास्टिकची कमान जाते. वर 'कापड नको' म्हटलंय ते यासाठी.

त्याहून चांगली युक्ती: फ्लॅपला गोल भोकं पाडूच नका. वरच्या कडेला चार उघड्या खाचा कापा, ७ मिमी रुंद आणि २५ मिमी खोल, टोकाला गोलाई. खाचेचा कोपरा चौकोनी ठेवला तर तिथूनच चीर सुरू होते. फ्लॅप वरून आवळलेल्या धातूच्या पट्टीखाली दाबानेच धरला जातो. जोरात ओढ बसली की खाचांतून सरकून खाली पडतो. उचलायचा, पुसायचा, परत आवळायचा.

सामान असं: एम ६ बाय २५ स्टेनलेस बोल्ट १६, २५ मिमी व्यासाचे मोठे वायसर ३२, नायलॉक नट (आत नायलॉनचं कडं असलेले) १६, आणि २५ बाय ३ मिमी अ‍ॅल्युमिनियमची सपाट पट्टी १.२ मीटर, तिचे ३० सेंमीचे चार तुकडे. पट्टीचे कोपरे कानशीने गोल करा. बोल्टचं डोकं टायरच्या बाजूला आणि नट मागे. उलटं केलंत तर बोल्टचं शेपूट टायरकडे येतं, एका वळणात टायरवर रेघ उमटते.

वायसरशेजारी रबर किंचित फुगलं की थांबा. त्यापुढे आवळलं तर रबर चिरडतं. २०० किलोमीटरनंतर परत एकदा पान्हा लावा, रबर दबून बसतं आणि नट सैल वाटतो. तेव्हा आवळला नाही तर खाचेवाला फ्लॅप हायवेवरच गळून पडेल.

शक्यतो आधीचीच भोकं वापरा. नवं पाडायचं असेल तर आधी पत्र्यामागे हात घालून ब्रेकची नळी, वायरिंग आणि डिझेल टाकीची नळी कुठून जाते ते बघा. ड्रिलच्या बिटला ८ मिमीवर खूण म्हणून इन्सुलेशन टेप गुंडाळा, टेप पत्र्याला टेकायच्या आत थांबा. चासीला भोक पाडायचं नाही, कुणी कितीही सांगो.

मुरूमवाट:
खाचांची युक्ती पटली. दोन शंका. पाणंदीतली काळी चिकण माती रबराला चिकटून बसेल ना? आणि दगडातून जाताना फ्लॅप वर बांधून ठेवता येतील का?

काळी_माती (इस्लामपूर):
चिकटणारच. काळ्या रानात १० सेंमी अंतरही कमी पडतं. टायर आणि फ्लॅपच्या मधे माती ठासून बसते, वाळली की विटेसारखी होते आणि टायर तिच्यावर घासत राहतो. पावसाळ्यात पाणंदीचं काम जास्त असेल तर मागे रबराऐवजी ३ मिमी काळं एचडीपीई लावा. ते गुळगुळीत असतं, चिखल आपोआप सुटतो, नाहीतर काठीने ढकलला की पडतो. खालची कड २२ ऐवजी २६-२७ वर घ्या. चिखल थोडा जास्त उडेल, त्याला इलाज नाही.

एचडीपीईत दोन पथ्यं. उन्हात ते ३० सेंमीमागे दीड-दोन मिमी वाढतं, म्हणून एम ६ बोल्टला ८-९ मिमीचं भोक किंवा खाच द्या, नाहीतर दुपारी फुगवटा येतो. आणि सायलेन्सरच्या बाजूला १५ सेंमी तरी लांब ठेवा, नाहीतर पाघळून वाकतं. खडे आपटले की पत्र्याच्या डब्यासारखा आवाज करतं ते वेगळंच. सातारच्या पश्चिमेला जांभ्याची खडी जास्त, तिथे पुढे रबरच ठेवा.

ट्रॉल्यांनी पाडलेल्या खोल चाकोऱ्यांतून रिव्हर्स येताना स्टेअरिंग सरळ ठेवा. वळवत बाहेर आलात की फ्लॅपचा कोपरा चाकोरीच्या भिंतीत रुततो. उपटण्याचे निम्मे प्रकार तिथले.

चाकोरी:
वर बांधायचं सोपं आहे. खालच्या दोन्ही कोपऱ्यांत, कडेपासून ३ सेंमी आत, ताडपत्रीला असते तशी पितळी रिंग ठोकून घ्या. पंचने भोक पाडा. ड्रिलने रबरात पाडलेलं भोक परत आवळतं आणि रिंग वाकडी बसते. रिंगेतून ४ मिमी नायलॉन दोरी घेऊन मागच्या बंपरखाली हुकात अडकवायची, फ्लॅप मागे वर उचलला जातो. सामानाची इलॅस्टिक दोरी वापरू नका, चिखलाने तिचं रबर लवकर मरतं. डांबरीवर आलात की आठवणीने सोडा, नाहीतर मागच्या मोटरसायकलवाल्याच्या तोंडावर खडी.

आणि बामणोलीकडे जाताय म्हणून एक विनंती. कासच्या सड्यावर (खडकाळ पठारावर) रस्ता सोडून चाकं घालू नका. तिथली माती जेमतेम बोटभर आहे, चाकोरी उमटली की वर्षानुवर्षं भरत नाही.

गंजविरोधी (सांगली):
बोल्ट_पान्हा यांच्या यादीत एक बदल. अ‍ॅल्युमिनियमची पट्टी, स्टेनलेसचा बोल्ट आणि सतत ओला चिखल हे त्रिकूट जमत नाही. बोल्टभोवती अ‍ॅल्युमिनियम पांढऱ्या पावडरीसारखं झडतं. पट्टीही स्टेनलेसचीच घ्या, २ मिमी पुरते.

नवीन भोकाच्या उघड्या कडेला आधी झिंक प्रायमर, तो सुकला की गाडीच्या रंगाचा एक हात, आणि बोल्ट बसवताना वायसरखाली सिलिकॉनचा पातळ गोल. पुढच्या कमानीच्या मागच्या तळाशी पाणी निचरायची छोटी भोकं असतात, ती पट्टीखाली झाकली जाणार नाहीत याकडे लक्ष ठेवा. ती बुजली की चिखलाचं पाणी दाराखालच्या पोकळीत साठतं आणि पत्रा आतून कुजतो, बाहेर फोड आल्यावरच कळतं. पावसाळा संपला की पट्ट्या एकदा काढून मागचा वाळलेला गाळ धुऊन काढा. खाचेवाल्या फ्लॅपला चार नट सैल केले की झालं.