‘अंडं फुटलं’ म्हणजे नेमकं काय फुटलं?

रानजाई:

एका शब्दाने आमच्या घरात रडारड झाली, म्हणून हा धागा.

धाकट्या जावेचे मूल होण्यासाठी उपचार चालू आहेत. मागच्या महिन्यात तिच्याबरोबर सोनोग्राफीला जात होते. एक दिवसाआड बोलवायचे आणि आकडा सांगायचे: आज अंडं १४ चं आहे, आज १७ चं, आज १९ चं. शेवटच्या खेपेला आतल्या बाई म्हणाल्या, “छान, अंडं फुटलंय.” जाऊ हसत बाहेर आली. बाकावर बसलेल्या सासूबाईंचा मात्र चेहरा उतरला. त्या यवतमाळकडच्या, कोंबड्या पाळलेल्या घरातल्या. “फुटलं म्हन्ते? मंग आता उरलं काय?” एवढं म्हणून त्यांनी पदर डोळ्यांना लावला.

मी समजवायला गेले आणि माझ्यापाशी शब्दच नव्हते. फुटणं ही चांगली बातमी कशी, हे मलाही नीट सांगता येईना. शिवाय १९ मिलिमीटर म्हणजे जवळजवळ बोराएवढं. एवढं मोठं अंडं असतं? कागदावर ‘अंडाशय’ लिहिलंय, माझ्या जुन्या पुस्तकात ‘बीजांडकोश’ होतं, बोलताना सगळे ‘ओव्हरी’ म्हणतात. यातला कुठला शब्द धरायचा?

दवबिंदू:

मी २६ वर्षं परिचारिका होते, त्यातली बरीच प्रसूतिविभागात. तुमच्या सासूबाईंसारखे चेहरे खूप पाहिलेत, म्हणून सविस्तर लिहिते.

फुटतं ते अंडं नव्हे. अंडाशयात पाण्याने भरलेल्या बारीक बारीक पिशव्या असतात, त्यांना पुटिका म्हणतात. प्रत्येक पुटिकेत एक स्त्रीबीज. दर महिन्याला काही पुटिका वाढायला लागतात, त्यातली बहुधा एकच पुढे जाते आणि बाकीच्या जिरून जातात. जी पुढे जाते ती दिवसाला साधारण दीड-दोन मिलिमीटरने वाढते आणि २० मिलिमीटरच्या आसपास आली की फुटते. आतलं पाणी आणि स्त्रीबीज बाहेर पडतं, शेजारच्या नळीचं झालरीसारखं तोंड ते उचलून घेतं. सोनोग्राफीत १४, १७, १९ मोजतात ती ही पुटिका. खरं स्त्रीबीज मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाएवढं असतं, खसखशीच्या दाण्याहून कितीतरी लहान. सोनोग्राफीत ते दिसतच नाही!

तेव्हा ‘अंडं १९ चं झालं, अंडं फुटलं’ हे दवाखान्यातलं घाईचं मराठी आहे. डबीला आतल्या मोत्याचं नाव दिल्यासारखं. शाळेच्या पुस्तकात या घटनेला ‘अंडमोचन’ म्हणतात. मोचन म्हणजे सोडवणं, मोकळं करणं. शब्द अर्थाने अगदी बरोबर आहे, पण बाकावर बसलेल्या आईला तो सांगून उपयोग नाही. मी ‘बीज सुटलं’ म्हणायचे.

याच गोंधळातून दुसरा मोठा गैरसमज येतो. ‘फुटलेलं अंडं पाळीत वाहून जातं’ असं शिकलेल्या मुलीही सांगतात. पाळीचं रक्त गर्भाशयाच्या आतल्या अस्तराचं. फळलं नाही तर स्त्रीबीज एका दिवसात विरून जातं, आणि पाळी येते त्यानंतर सुमारे दोन आठवड्यांनी. दोन घटना, दोन जागा, मध्ये पंधरवडा. भाषेने त्या एकत्र बांधून टाकल्या.

पानगळ:

‘अंडाशय’ की ‘बीजांडकोश’? मी ‘अंडाशय’ घेईन, आणि कारण वापरातलं आहे. संस्कृतात ‘अंड’ शब्द पुरुषाच्या वृषणालाही लागतो. तिथूनच ‘अंडवृद्धी’ हा आजार आणि न खच्ची केलेला ‘अंडील’ बैल. ‘अंडकोश’ म्हटलं की मराठी माणसाला पुरुषाचाच अवयव आठवतो. मग ‘बीजांडकोश’ भरभर बोलताना निम्म्या लोकांना ‘अंडकोश’ ऐकू येतं. ‘अंडाशय’ला ‘गर्भाशय’, ‘मूत्राशय’, ‘जलाशय’ अशी ओळखीची भावंडं आहेत. आशय म्हणजे राहण्याची, साठण्याची जागा. ऐकताच कळतं.

‘बीज’ या शब्दाबद्दल मात्र थांबून बोलायला हवं. आपल्याकडे जुनी कल्पना अशी की बीज पुरुषाचं आणि बाई म्हणजे क्षेत्र, जमीन. नवऱ्याच्या वतीने नेमलेल्या दुसऱ्या पुरुषापासून झालेल्या मुलाला धर्मशास्त्रात ‘क्षेत्रज’, म्हणजे क्षेत्रात जन्मलेला, म्हणत. मूल न होण्याचा दोष जमिनीला द्यायचा हेही त्याच उपमेतून आलं. सस्तन प्राण्याचं अंडं प्रत्यक्ष दिसलं १८२७ साली, कार्ल अर्न्स्ट फॉन बेअरला, कुत्रीच्या अंडाशयात. त्याआधी १६७२ मध्ये रेनिए द ग्राफने पुटिकांचं वर्णन केलं, आणि गंमत बघा, पुटिकेलाच अंडं समजण्याची चूक तेव्हाही झाली होती. आजच्या दवाखान्यातली चूक साडेतीनशे वर्षं जुनी आहे.

म्हणून ‘स्त्रीबीज’ हा शब्द मला मोलाचा वाटतो. जमीन म्हटलेल्या बाईपाशी तिचं स्वतःचं बीज आहे, हे तो शब्द उच्चारताच सांगून टाकतो. वनस्पतिशास्त्राचा हट्ट धरला तर ‘बीजांड’ जास्त काटेकोर, कारण झाडात फळण्याआधीचं ते बीजांड आणि फळल्यानंतरचं बीज. पण घरात मी ‘स्त्रीबीज’च म्हणेन.

कणीस:

‘फुटणे’ला उगीच दोष देऊ नका. मराठीत फुटणं नेहमी नुकसानीचंच असतं असं नाही. पालवी फुटते, कोंब फुटतो, तांबडं फुटतं, पोराला कंठ फुटतो, आईला पान्हा फुटतो. उसाला फुटवे चांगले आले तर शेतकरी खूश होतो. दोष कर्त्याचा आहे. ‘अंडं’ हा शब्द पुढे आला की ‘फुटणे’ वाईट होतं, कारण अंडं फुटलं म्हणजे पिल्लू गेलं.

रानजाई, तुमच्या सासूबाई यवतमाळच्या ना? मग त्यांना ‘बोंड फुटलं’ म्हणून सांगा. कापसाचं बोंड फुटावं म्हणून तर सगळी वाट पाहायची असते. बोंड म्हणजे पुटिका, आतली सरकी म्हणजे स्त्रीबीज. फरक एवढाच की बोंडात सरक्या पुष्कळ, इथे बहुधा एकच.

‘पाळी’ हाही शेतातला शब्द आहे. कॅनॉलच्या पाण्याची पाळी, कुळवाची पाळी. पाळी म्हणजे क्रमाने येणारी वेळ. ‘विटाळ’, ‘कावळा शिवला’, ‘बाहेर बसली’ यांच्यात ठपका आहे, अंतर आहे. ‘पाळी’त नुसता काळ आहे. तो शब्द टिकला याचा मला फार आनंद वाटतो.

पण या शब्दावरून एक समज झालेला आहे: या महिन्यात डावं अंडाशय, पुढच्या महिन्यात उजवं, अशी त्यांची पाळी ठरलेली असते. खरंच असं असतं का?

दवबिंदू:

नाही. कधी एकाच बाजूला लागोपाठ दोन-तीन महिने होतं, ठरलेली पाळी नसते.

जन्मताच मुलीच्या अंडाशयांत दहा ते वीस लाख बीजं असतात, वयात येईपर्यंत तीन-चार लाख उरतात आणि सगळ्या आयुष्यात सुटतात ती चारशे-पाचशे.

पानगळ यांनी जुन्या कल्पनांचा विषय काढलाय म्हणून ‘ऋतू’बद्दल. ‘ऋतुमती’ म्हणजे पाळी आलेली, असं आपण म्हणतो. पण जुन्या ग्रंथांत ऋतू म्हणजे गर्भ राहण्याजोगा काळ. सुश्रुताने तो बारा रात्रींचा सांगितला, मनुस्मृतीत सोळा. मोजणी रक्तस्रावापासून पुढे. २८ दिवसांच्या चक्रात बीज चौदाव्या दिवसाच्या आसपास सुटतं, त्यामुळे सोळाचा आकडा तिथे बऱ्यापैकी जुळतो. पण सगळ्यांचं चक्र २८ चं नसतं. २१ ते ३५ दिवसांपर्यंत काहीही नेहमीचंच. कमीजास्त होतो तो मुख्यतः पहिला भाग. बीज सुटल्यापासून पुढची पाळी येईपर्यंतचा काळ बहुतेकींत १४ दिवसांच्या जवळपास राहतो. म्हणजे ३५ दिवसांचं चक्र असेल तर बीज एकविसाव्या दिवसाच्या सुमाराला. ‘चौदावा दिवस’ हा शब्दप्रयोग पाठ करून कितीतरी जोडपी चुकीचे दिवस धरतात.

आणखी एक. ‘फुटल्यावर’ या शब्दामुळे लोक फुटण्याची वाट बघत बसतात. सुटलेलं स्त्रीबीज १२ ते २४ तास टिकतं. पुरुषबीज आत पाच दिवसांपर्यंत जगू शकतं. त्यामुळे फुटण्याआधीचे दोन-तीन दिवसच जास्त कामाचे. हे मी प्रत्येकीला कानात सांगायचे, कारण बाहेर सासू बसलेली असायची.

रानजाई:

काल रात्री पोळ्या लाटताना सासूबाईंना सांगितलं, अंडं नाही फुटलं आई, बोंड फुटलं. त्यांचं लाटणं थांबलं. मग म्हणाल्या, “अस्सं सांगाले पाह्यजे ना त्या बाईनं.” पुढे त्यांनीच विचारलं, “मंग सरकी किती दिवस टिकते?” एक दिवस, म्हटलं. “एकच?” आणि बराच वेळ गप्प राहिल्या. जावेवरची नजर मात्र एकदम मऊ झाली, मी पाहिलं.

थोड्या वेळाने म्हणाल्या, “अन् रिकाम्या बोंडाचं काय होते? पऱ्हाटीवरच वाळते का?” मला माहीत नव्हतं. कुणी सांगाल?

दवबिंदू:

वाळत नाही, लगेच तर नाहीच. फुटलेली पुटिका मिटते, पिवळसर होते आणि कामाला लागते. तिला पीतपिंड म्हणतात. ती प्रोजेस्टेरॉन नावाचं संप्रेरक बनवते, त्यावर गर्भाशयाचं अस्तर टिकून राहतं. गर्भ राहिला तर पीतपिंड पुढचे काही आठवडे त्याला सांभाळतं, वार (प्लॅसेंटा) तयार होऊन आपलं काम हाती घेईपर्यंत. गर्भ राहिला नाही तर दोन आठवड्यांच्या आत ते सुकतं, प्रोजेस्टेरॉन उतरतं, अस्तर सुटतं आणि पाळी येते.

‘पीतपिंड’ला घरात चालेल असा शब्द मला इतक्या वर्षांत सापडला नाही. कणीस, रिकाम्या बोंडाला तुमच्याकडे काय म्हणतात?