जॅक रसेलने सोफा फाडला: मारू नका, कामाला लावा

जॅक रसेल कुत्र्याच्या पिल्लाने सोफा फाडला म्हणून त्याला मारू की कोंडू असं विचारलंयत, प्लीज दोन्ही नका करू. जॅक रसेल ही जातच इंग्लंडात कोल्ह्याला बिळातून हुसकवायला तयार झालेली, उकरणं रक्तातच आहे, आणि तासाभराने येऊन ओरडलात तर त्याला सोफ्याचा संबंध लागतच नाही हो, फक्त तुमची भीती बसते. आमचीने गादीचा कापूस हॉलभर केलेला, मग मी तिचं कोरडं खाणं जुन्या टॉवेलात गुंडाळून सैल गाठ मारून द्यायला लागले, 20 मिनिटं नाक खुपसून फुरफुरत शोधते आणि मग तिथेच टॉवेलावर झोपते. नुसतं पळवून भागत नाही, डोकं दमवावं लागतं. 4-6 महिन्यांचं असेल तर दात बदलत असतील, ओला कपडा फ्रीझरमध्ये गोठवून समोर बसून चावायला द्या.