खटला मागे घ्या असा वरून आदेश आला, तर सरकारी वकिलाने राजीनामा द्यावा का?

गोदाकाठ

न्यूयॉर्कच्या सरकारी वकील डॅनिएल ससून यांच्या राजीनाम्याचा विषय माझ्या मनातून अजून जात नाही, म्हणून हा धागा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. न्यूयॉर्कचे तेव्हाचे महापौर एरिक ॲडम्स यांच्यावर सप्टेंबर २०२४ मध्ये लाच, फसवणूक आणि परदेशी लोकांकडून निवडणुकीसाठी पैसे मागितल्याचे आरोप ठेवले गेले. तुर्कस्तानशी संबंधित मंडळींकडून महागडे विमानप्रवास घ्यायचे आणि बदल्यात मॅनहॅटनमधली तुर्की वकिलातीची ३६ मजली इमारत अग्निसुरक्षेच्या तपासणीशिवाय उघडावी म्हणून अग्निशमन दलावर दबाव आणायचा, हा त्यातला ठळक आरोप. ॲडम्स यांनी सगळे नाकारले.

जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेत सरकार बदलले, ट्रम्प आले. १० फेब्रुवारीला न्याय खात्यातले हंगामी क्रमांक दोनचे अधिकारी एमिल बोव्ह यांनी खटला मागे घेण्याचा लेखी आदेश काढला. पुरावा किती भक्कम आहे याचा विचार न करता हा निर्णय घेतला आहे, असे त्या आदेशातच म्हटले होते! कारण काय, तर खटल्यामुळे महापौरांना स्थलांतर आणि गुन्हेगारीच्या कामात पुरेसे लक्ष घालता येत नाही, शिवाय निवडणूक जवळ आली आहे. आणि खटला मागे घ्यायचा तोही पुन्हा दाखल करायची मुभा ठेवून.

ससून तेव्हा तिथल्या फेडरल सरकारी वकिलांच्या कार्यालयाच्या हंगामी प्रमुख होत्या. त्यांना त्या खुर्चीत याच सरकारने तीन आठवड्यांपूर्वी बसवले होते. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती स्कालिया यांच्या हाताखाली काम केलेली, पुराणमतवादी विचारांची ही बाई. त्यांनी ॲटर्नी जनरल, म्हणजे न्याय खात्याच्या प्रमुख, पाम बाँडी यांना आठ पानी पत्र लिहिले. ३१ जानेवारीच्या बैठकीत ॲडम्स यांच्या वकिलांनी जे मांडले ते सरळसरळ देवाणघेवाणच होती (खटला मागे घ्या, तरच महापौर सरकारच्या कामात मदत करू शकतील), आणि ससून यांच्या सहकाऱ्याने टिपणे घेतली म्हणून बोव्ह यांनी त्याला सुनावले व बैठक संपल्यावर ती टिपणे जमा करायला लावली, असे त्यात आहे. ॲडम्स यांच्या वकिलांनी देवाणघेवाणीचा आरोप फेटाळला. १३ फेब्रुवारीला ससून यांनी पद सोडले. दोन दिवसांत किमान सात वकील बाहेर पडले.

माझे मत स्पष्ट आहे. सही करायची नाही, का करायची नाही ते कागदावर लिहायचे आणि मग जायचे. सरकारी वकिलाच्या हातात याहून मोठे काही नसते.

शंतनू_७१

असहमत. खटला कोणावर चालवायचा आणि कोणावर नाही, हा अधिकार शेवटी निवडून आलेल्या सरकारचाच. ससून यांना कोणी मत दिले होते? उद्या प्रत्येक सरकारी वकील स्वतःच्या सदसद्विवेकावर चालू लागला तर त्याला आवर घालणारे कोण? आधीच्या सरकारने हा खटला राजकीय हेतूने उभा केला, असे नव्या सरकारचे म्हणणे होते. ते चूक असेल, पण म्हणायचा हक्क त्यांना आहे.

दुसरे म्हणजे, राजीनामा देणाऱ्याचे हात स्वच्छ राहतात आणि घाण दुसऱ्याच्या वाट्याला येते. याच खटल्यावरचे सरकारी वकील हेगन स्कॉटन यांनी जाताना लिहिले की खटला मागे घ्यायच्या अर्जावर सही करायला तुम्हाला कोणीतरी मूर्ख किंवा भित्रा माणूस मिळेलच, पण तो मी नसेन. वाक्य जोरदार आहे खरे. पण सही कोणी केली? एडवर्ड सलिव्हन नावाच्या जुन्या वकिलाने. वॉशिंग्टनच्या भ्रष्टाचारविरोधी विभागातल्या सगळ्यांना एकत्र बोलावून सही करणारा निवडा असे सांगितले गेले, आणि बाकीच्यांच्या नोकऱ्या वाचाव्यात म्हणून ते पुढे झाले, असे तेव्हाच्या बातम्यांत होते. त्यांना मूर्ख म्हणायचे की भित्रा? मला तर त्या सगळ्यांत जड ओझे त्यांनीच उचललेले दिसते.

काळाकोट

शंतनू, अधिकार सरकारचा हे अर्धेच खरे. सत्र न्यायालयात वीस वर्षे वकिली करतोय, म्हणून आपल्याकडचा कायदा सांगतो. फौजदारी प्रक्रिया संहितेचे जुने कलम ३२१, आता नागरिक सुरक्षा संहितेत ३६०. खटला मागे घेण्याचा अर्ज सरकार करत नाही, सरकारी वकील करतो, आणि तोही न्यायालयाच्या संमतीने. सरकारने पत्र पाठवले तरी वकिलाने स्वतःचे डोके वापरून ठरवायचे, हे सर्वोच्च न्यायालयाने वारंवार सांगितले आहे. नव्या कलमात तर पीडिताला ऐकल्याशिवाय संमती देता येणार नाही, असेही घातले आहे. अमेरिकेतही अर्जाला न्यायालयाची परवानगी लागते.

आता प्रत्यक्षात काय होते? शिवनंदन पासवान प्रकरण बघा. बिहारचे माजी मुख्यमंत्री जगन्नाथ मिश्र यांच्यावरचा खटला मागे घेतला गेला आणि १९८७ मध्ये घटनापीठाने तीन विरुद्ध दोन मतांनी ते योग्य ठरवले. २०२१ मध्ये मात्र सर्वोच्च न्यायालयालाच सांगावे लागले की आजी-माजी खासदार-आमदारांवरचे खटले उच्च न्यायालयाच्या परवानगीशिवाय मागे घ्यायचे नाहीत. असा आदेश काढायची वेळ का आली असेल, याचा विचार करा.

आणि रोहिणी सालियन यांना विसरू नका. २००८ च्या मालेगाव स्फोटात सहा माणसे गेली. त्या खटल्याच्या विशेष सरकारी वकील म्हणून त्यांनी जून २०१५ मध्ये उघडपणे सांगितले की नवे सरकार आल्यापासून आरोपींबाबत सौम्य भूमिका घ्या, असा निरोप एनआयएच्या अधिकाऱ्याकरवी आपल्याला आला. एनआयएने इन्कार केला. बाईंनी राजीनामा दिला नव्हता, त्यांनाच यापुढे तुम्ही उभ्या राहणार नाही असे कळवले गेले. पुढे २०१६ मध्ये एनआयएने काही आरोपींविरुद्ध पुरेसा पुरावा नाही असे सांगितले, तरी न्यायालयाने २०१७ मध्ये त्यांतल्या प्रज्ञासिंह ठाकूर यांना खटल्यातून वगळायला नकार दिला. ३१ जुलै २०२५ ला विश्वासार्ह पुराव्याअभावी सातही आरोपी निर्दोष सुटले. निकाल बरोबर की चूक यात मी इथे शिरत नाही. पण तो निरोप आला होता का, याचा छडा लागला असे मला तरी कुठे दिसले नाही, आणि ते मला अजून खुपते.

सायली_जर्सी

मी नदीच्या अलीकडे न्यू जर्सीत राहते, ॲडम्स प्रकरण रोज बातम्यांत बघत होते. ससून यांचे मला कौतुकच आहे, पण रिकाम्या खुर्चीचे काय होते ते सप्टेंबर २०२५ मध्ये दिसले. पूर्व व्हर्जिनियाचे फेडरल सरकारी वकील एरिक सीबर्ट यांच्यावर राष्ट्राध्यक्षांच्या विरोधकांवर खटले भरण्यासाठी दबाव होता. ते बाहेर पडले. त्यांच्या जागी लिंडसी हॅलिगन आल्या, ज्यांनी आयुष्यात कधी फौजदारी खटला चालवला नव्हता. काही दिवसांत एफबीआयचे माजी प्रमुख जेम्स कोमी यांच्यावर आरोप ठेवले गेलेसुद्धा. नोव्हेंबरमध्ये न्यायालयाने तो खटला रद्द केला, कारण हॅलिगन यांची नेमणूकच बेकायदा ठरली. म्हणजे वाचवले ते नेमणुकीच्या नियमाने. नेमणूक नियमात बसली असती तर?

निवृत्त_एपीपी

सहसा मी फक्त वाचतो. आज लिहितो, कारण सहायक सरकारी वकिलाचे (एपीपीचे) काम मी एकोणतीस वर्षे केले, सगळे तालुक्याच्या कोर्टांत.

दबाव लेखी येत नाही. बोव्ह यांनी लेखी आदेश काढला हे वाचून मी चकित झालो. आमच्याकडे चहाला बोलावणे यायचे. "साहेब, जरा बघून घ्या." एवढेच. साक्षीदाराचे समन्स बजावलेच जायचे नाही. पंच फिरायचा. तुम्ही उलटतपासात दोन प्रश्न कमी विचारले तर कोणाला कळणार आहे?

एका मारहाणीच्या खटल्यात, आरोपी वजनदार होता, माझ्याकडे अभिप्राय मागवला. खटला मागे घेण्यासारखा नाही, फिर्यादीच्या हातात आजही सळई आहे, असे मी लिहून दिले. महिनाभरात मला दुसऱ्या कोर्टात पाठवले. माझ्या जागी आलेल्याने अर्ज दिला, तो मंजूर झाला. फिर्यादी मला नंतर एसटी स्टँडवर भेटला. काही बोलला नाही, नुसता नमस्कार केला.

मी राजीनामा दिला नाही. घराचे हप्ते होते, दोन मुलांची शिक्षणे होती. ससूनबाईंना बाहेर मोठ्या फर्म उघड्या होत्या, तालुक्यातल्या माणसाला नसतात. आणि मी राजीनामा दिला असता तर जिल्ह्याच्या वर्तमानपत्रातही ओळ आली नसती. म्हणून राजीनामाच द्यायला हवा, असे सरसकट म्हणू नका.

गोदाकाठ

काका, तुमचा अभिप्राय म्हणजेच तुमचे पत्र होते. फरक इतकाच की तो फाइलीत राहिला आणि ससून यांचे पत्र जगासमोर आले. मी वर "मग जायचे" असे ठामपणे लिहिले ते तुमच्यासारख्यांना लागू करणे चूक होते. मागे घेतो.

पण पत्राने काय साधले ते सांगतो. न्यायाधीश डेल हो यांच्यापुढे अर्ज आला तेव्हा सरकार आणि आरोपी दोघेही एकाच बाजूला होते. विरोधात बोलणारे कोणीच नव्हते, म्हणून हो यांनी बाहेरचे वकील पॉल क्लेमेंट यांना न्यायालयाचे सल्लागार नेमले. २ एप्रिल २०२५ ला खटला कायमचा बंद केला. पुन्हा दाखल करायची मुभा काढून टाकली, आणि या सगळ्याला सौद्याचा वास येतो असे निकालात लिहिले. मुभा राहिली असती तर महापौरांच्या डोक्यावर टांगती तलवार राहिली असती: आम्ही सांगू तसे वागा, नाहीतर खटला परत आणू. ती तलवार गेली. ते पत्र नसते तर बैठकीत काय झाले हे न्यायालयाला कोणी सांगितले असते?

शंतनू_७१

तलवार गेली, आरोपीही गेला! कायमचा सुटला. भ्रष्टाचाराचा खटला लढण्यासाठी एवढ्या लोकांनी नोकऱ्या सोडल्या आणि शेवटी तो खटला कधीच उभा राहणार नाही. न्यूयॉर्कच्या करदात्याच्या हातात काय पडले?

१९७३ चे उदाहरण कोणीतरी देईलच म्हणून मीच देतो. राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी त्यांच्याच वॉटरगेट घोटाळ्याचा तपास करणारे विशेष वकील आर्चिबाल्ड कॉक्स यांना काढायला सांगितले. ॲटर्नी जनरल रिचर्डसन यांनी राजीनामा दिला, त्यांच्या खालच्या रकलशॉस यांनीही नकार देऊन पद सोडले, आणि तिसऱ्या बोर्क यांनी कॉक्स यांना काढले. पण बोर्क यांनीही लगोलग जाऊ नये, खाते कोणीतरी चालवले पाहिजे, असे रिचर्डसन यांनीच त्यांना सांगितले होते. राजीनामा देणाऱ्यालाही मागे कोणीतरी राहायला हवे होते.

काळाकोट

मागे कोणीतरी राहावे, मान्य. पण मागे राहिलेल्यांचे काय झाले तेही बघा. ॲडम्स खटल्यावर काम केलेल्या तिघा वकिलांनी राजीनामा दिला नव्हता. त्यांना सक्तीच्या रजेवर पाठवले. परत यायचे तर आपल्या कार्यालयाने आदेश नाकारण्यात चूक केली अशी कबुली द्या, खेद व्यक्त करा, अशी अट असल्याचे त्यांना दिसले. २२ एप्रिलला तिघांनीही पद सोडले. जी चूक झालीच नाही ती आम्ही कबूल करणार नाही, असे लिहून. शंतनू, यांनी खुर्ची धरून बसायला काय किंमत मोजायची होती?

शंतनू_७१

हे मला माहीत नव्हते. अशी कबुली मागणे अन्यायाचे, यात वाद नाही. धोरण ठरवणे सरकारचे काम या मुद्द्यावर मात्र मी अजून ठाम आहे. पण आदेश पाळून घेणे वेगळे आणि न केलेल्या चुकीची माफी लिहून घेणे वेगळे.

निवृत्त_एपीपी

काळाकोट, त्या तिघांचे पत्र पूर्ण मिळाले तर इथे द्या. धाकटी मुलगी यंदा एमपीएससीतून एपीपीची परीक्षा देते आहे. तिला वाचायला द्यायचे आहे.