घरापासून मांगरापर्यंत ७० मीटर नेटवर्क केबल: कोणती घ्यावी आणि कशी न्यावी?

प्रश्न

नमस्कार. वेंगुर्ल्याजवळ आमचे घर आहे आणि घरामागे कलमांच्या बागेत मांगर (बागकामाची खोली) आहे. राउटरपासून मांगरापर्यंतचे अंतर दोरी लावून मोजले, ते ७० मीटर भरले. तिथे दोन कॅमेरे आणि वायफायचा एक अ‍ॅक्सेस पॉइंट बसवायचा आहे. गेल्या वर्षी घरातली उरलेली राखाडी कॅट ६ (कॅट म्हणजे नेटवर्क केबलची श्रेणी) केबल दोन माडांना बांधून नेली होती. उन्हाळाभर काहीच अडचण आली नाही, पण जुलैत वेग एकदम १०० एमबीपीएसवर आला आणि पंधरवड्यात जोडणी पूर्ण बंद पडली. केबल उतरवली तेव्हा आवरणाला जागोजागी भेगा दिसल्या आणि मांगराकडचा कनेक्टर कापताच आतून पाणी ठिबकले. पिनांवर हिरवट थर चढला होता. आता केबल जमिनीखालून न्यावी असे वाटते, परंतु फूटभर खणले की जांभा लागतो. दुकानदार कॅट ७ घ्या असा आग्रह धरतो. मांगरात वीज आहे, मात्र तिचे मीटर आणि अर्थिंग घरापेक्षा वेगळे आहे. कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १

आपली केबल कॅटच्या आकड्यामुळे नव्हे, आवरणामुळे गेली. घरातल्या केबलचे पीव्हीसी उन्हात कडक होऊन तडकते. त्या भेगांतून पाणी आत शिरते आणि आतल्या तारांच्या जोड्यांमधल्या पोकळीतून उताराकडच्या टोकापर्यंत वाहत जाते. आपल्याला दिसले ते हेच पाणी. गिगाबिटला (१००० एमबीपीएस) चारही जोड्या लागतात आणि १०० एमबीपीएसला दोनच पुरतात, म्हणून वेग उतरला तेव्हाच एखादी जोडी निकामी झाली असणार.

गिगाबिटसाठी १०० मीटरपर्यंत चांगली कॅट ५ई सुद्धा पुरते. घेताना काळ्या पॉलिइथिलिन आवरणाची, आत जेल भरलेली, जमिनीत पुरण्याजोगी केबल मागावी. तार भरीव आणि शुद्ध तांब्याची हवी. स्वस्त केबलमध्ये अ‍ॅल्युमिनियमवर तांब्याचा नुसता मुलामा असतो: पात्याने तार खरवडा, आत पांढरी चकाकी दिसली तर ती केबल परत करा. कॅमेऱ्यांना याच केबलमधून वीज द्यायची असेल, तर अशा तारेत विजेचा दाब (व्होल्टेज) जास्त घटतो आणि रात्री कॅमेऱ्याचे दिवे लागले की तो बंद पडून पुन्हा सुरू होत राहतो.

प्रतिसाद २

वरील माहिती अचूक आहे, तरीही आपल्या जागी मी तांब्याची केबल घालणार नाही. दोन इमारतींची अर्थिंग वेगळी असली की जवळपास वीज पडल्यावर दोन्हीकडच्या जमिनीच्या विद्युत दाबात क्षणभर प्रचंड फरक पडतो आणि तो फरक मिटवायला तुमची केबल हीच वाट होते. आमच्या गोठ्याकडे गेलेल्या केबलवर प्रत्यक्ष वीज कधीच पडली नाही. मे महिन्यातल्या एका वळवाच्या संध्याकाळी दूर कुठेतरी कडाडले आणि दोन्ही टोकांचे नेटवर्क स्विच (अनेक उपकरणे जोडणाऱ्या पेट्या) व घरातला राउटर एकदम जळाले. कॅट ७ ला धातूचे वेष्टन असते. ते दोन्ही टोकांना अर्थिंगशी जोडले गेले, तर हा धोका उलट वाढतो.

मांगरात वीज आहेच, तेव्हा सिंगल मोड फायबर (काचेच्या तंतूची केबल) टाकावा आणि दोन्ही टोकांना मीडिया कन्व्हर्टर (विजेच्या संकेतांचे प्रकाशात आणि उलट रूपांतर करणाऱ्या पेट्या) बसवावेत. काचेतून प्रकाश जातो, वीज जात नाही. गावातल्या केबल ऑपरेटरचा माणूस टोके जोडून देतो. फायबरसोबत ताण धरणारी पोलादी तार असेल, तर ती बाहेरच थांबवावी. घरात किंवा मांगरात मुळीच आणू नये.

प्रश्नकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. फायबर पटला. शंका एकच: पावसात मांगराची वीज वारंवार जाते, तेव्हा कॅमेरे बंद पडतील. घरात इन्व्हर्टर आहे, म्हणून वीजही केबलमधूनच न्यायचा विचार होता.

प्रतिसाद १

दुसऱ्या प्रतिसादातील अर्थिंगचा मुद्दा माझ्याकडून राहून गेला होता. तो मला पूर्ण मान्य आहे. मांगरात कन्व्हर्टर, स्विच आणि कॅमेरे एवढ्यासाठी छोटा यूपीएस ठेवा. मांगराच्या आतली आखूड जोडणी तांब्याची असायला हरकत नाही. तिथे कनेक्टर बसवताना जोड्यांचा पीळ अर्ध्या इंचापेक्षा जास्त सोडू नका आणि दोन्ही टोकांना रंगांचा क्रम एकच ठेवा: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी.

प्रतिसाद २

जांभा फोडत बसण्याची गरज नाही. नळाला वापरतात तो काळा एचडीपीई पाइप गडग्याच्या (दगडी कुंपणाच्या) कडेने न्यावा, म्हणजे उंदीर-घुशींपासून आणि गवत कापणाऱ्या कोयत्यापासून फायबर वाचेल. पाइपात पाणी शिरणारच असे धरून त्याला सलग उतार द्यावा आणि सर्वांत खालच्या जागी एक भोक ठेवावे. भिंतीतून आत येण्याआधी केबल भिंतीतल्या भोकाच्या खाली सोडून मग वर वळवावी, म्हणजे पागोळीचे पाणी त्या वळणावरच गळून पडते. पाइपात एक जास्तीची नायलॉनची दोरी ओढून ठेवा, पुढे दुसरी केबल न्यायला ती उपयोगी पडते. पाइप बंदिस्त करण्याआधी दोन्ही टोके जोडून दिवसभर कॅमेरे चालवून पाहा, आणि हे सारे मृगाच्या आधी उरका.