वर्गात खरंच कामाला आलेलं तंत्रज्ञान : तुमचे अनुभव सांगा

खडूफळा
काल शाळेचं कपाट आवरताना तळाशी रबर लावलेला गठ्ठा सापडला. प्लिकर्सची कार्डं, २०१८ ची. ७ नंबरच्या कार्डाचा कोपरा चावून चावून मऊ झालेला. ते हातात घेतलं आणि तिथेच स्टुलावर बसले.

माहीत नसेल त्यांच्यासाठी : प्रत्येक मुलाला एक कार्ड, त्यावर काळ्या चौकोनांची नक्षी, चार बाजूंना बारीक ए, बी, सी, डी. जे उत्तर वाटतं ती बाजू वर करून धरायची. मी मोबाइलचा कॅमेरा वर्गावरून फिरवला की कोणाचं बरोबर, कोणाचं चूक ते नावासकट दिसतं. फोन फक्त माझ्याकडे. नक्षी प्रत्येकाची वेगळी, त्यामुळे शेजाऱ्याचं बघून उपयोग नाही.

७ नंबरवाली मुलगी चौथीपर्यंत वर्गात बोललीच नव्हती. काही विचारलं की मान खाली. तिला येत नाही असं मी धरूनच चालले होते. त्या दिवशी अपूर्णांकांचे आठ प्रश्न घेतले. सातपुढे आठही वेळा हिरवं! सगळ्यांसमोर नाव घेतलं असतं तर ती पुन्हा मिटली असती, म्हणून मधल्या सुट्टीत टाकीपाशी हळूच सांगितलं. "बाई, हे कार्ड घरी नेऊ?" तिच्या तोंडून ऐकलेलं पहिलं अख्खं वाक्य. रोज न्यायची, रोज आणायची.

आणखी किती जणांना मी 'येत नाही'त टाकलं असेल, याने रात्री झोप लागली नाही. तुमचेही अनुभव लिहा.

सातपुडा
ताई, डोळ्यात पाणी आलं. आमच्याकडे रीड अलाँग, गूगलचं वाचन शिकवणारं ॲप. (आधी 'बोलो' होतं, २०१९ ला आलेलं.) पोरं घरी पावरी बोली बोलतात, मराठी वाचायला उभं केलं की आवाज फुटत नाही. एकाला फोन देऊन जांभळाखाली बसवलं. ॲपमधली दिया नावाची मदतनीस ऐकते, अडलं की शब्द सांगते, तारे देते. गोष्ट आधी उतरवून ठेवली की नेट लागत नाही. तो एक ओळ पाच वेळा वाचत होता, कुणी हसणारं नव्हतं ना. फक्त शेजारी कुणी बसू देऊ नका, दोघांचे आवाज मिसळतात.

पाटीपेन्सिल
कार्डं चकचकीत लॅमिनेट करू नका!! खिडकीचा उजेड पडला की कॅमेरा वाचत नाही. माझे सगळे पैसे वाया गेले.

खडूफळा
हो हो, हे लिहायचं राहिलं. जाड कार्डशीटवर नुसती प्रिंट पुरते.

तालुक्याची_एसटी
दीक्षा, सरकारचं अभ्यासाचं ॲप. पुस्तकातला क्यूआर स्कॅन केला की व्हिडिओ. पण गावात रेंज नाही, म्हणून शनिवारी तालुक्याला गेलो की आठवड्याचं डाउनलोड करून आणतो. परितेवाडीच्या डिसले गुरुजींनी पुस्तकांना क्यूआर लावायला सुरुवात केली तेव्हा दीक्षा आलंही नव्हतं. २०२० च्या जागतिक शिक्षक पुरस्काराची अर्धी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकी नऊ जणांना वाटली, हे मी दरवर्षी मुलांना सांगतो.

बल्बवाली_बाई
फेट!! पडद्यावर करायचे विज्ञानाचे प्रयोग, कोलोरॅडो विद्यापीठाचं, फुकट, मराठीतही आहे. विद्युत परिपथ जोडा, चुकलं तर आग दिसते, पोरं टाळ्या पिटतात.

सायकलची_ट्यूब
मॅडम, आधी खरा सेल आणि खरा बल्ब द्या. अरविंद गुप्तांची खेळणी काड्यापेटी आणि ट्यूबच्या तुकड्यांतून होतात, त्यांच्या साइटवर मराठीतही भरपूर आहे. तार गरम झालेली बोटाला कळली पाहिजे.

बल्बवाली_बाई
सर, दोन्ही करते. पण तारेतून फिरणारे इलेक्ट्रॉन खऱ्या तारेत कसे दाखवू?

सायकलची_ट्यूब
हे मात्र खरं. मान्य.

पत्र्याची_शाळा
माझं उत्तर जरा वेगळं आहे. कमरेला लावायचा छोटा स्पीकर आणि कानामागून येणारा माइक. पत्र्यावर पाऊस सुरू झाला की वर्गात काही ऐकू येत नाही. ओरडून ओरडून घशाला गाठी झाल्या, डॉक्टरांनी महिनाभर माझं बोलणं बंद करायला लावलं. आता मागच्या बाकावरचा पण मान वर करून ऐकतो.

पाटीपेन्सिल
अगंबाई. काळजी घ्या ताई. माझ्या जावेला हेच झालंय, तीही शिक्षिका. कोमट पाणी घोट घोट पीत राहा आणि कुजबुजू नका, कुजबुजण्याने जास्त ताण येतो.

पत्र्याची_शाळा
हो, डॉक्टरही तेच म्हणाले. आता बरं आहे.

आठवी_ब
खडूफळा ताई, उद्याच कार्डं काढते. पण पट ६४ आणि मोठ्या संचातही कार्डं ६३ च. एकाला काय देऊ?

खडूफळा
फोन द्या. रोज एकाने माझ्याशेजारी उभं राहून स्कॅन करायचं. आमच्याकडे त्या पाळीवरूनच भांडणं व्हायची. चला, पोषण आहाराची खिचडी आली, रात्री येते.