'मास्क म्हणजे निव्वळ दंडवसुली' म्हणणाऱ्यांना एका सिस्टरचं उत्तर

अपर्णा_सिस्टर:
काल एकाने लिहिलं, 'मास्कचा काडीचा उपयोग नव्हता, 2023 च्या कॉक्रेन रिव्ह्यूने सिद्ध केलंय, दोन वर्षं आपल्याला नुसतं गुदमरवलं आणि दंड उकळला.' खाली सगळे 'अगदी बरोबर'. मी कोविड वॉर्डात ड्युटी केलीय, त्यामुळे गप्प बसवत नाही, लांबलं तर लांबू दे.

कॉक्रेन म्हणजे वैद्यकीय अभ्यास एकत्र करून तपासणारी संस्था, तिने असं काही सिद्ध केलेलं नाही. त्यांच्याच मुख्य संपादक कार्ला सोरेस-वायझर यांनी मार्च 2023 मध्ये निवेदन काढून सांगितलं की 'मास्क चालत नाहीत' हा अर्थ काढणं चूक आहे, हातातल्या अभ्यासांवरून ठाम काही सांगता येत नाही, इतकंच. बरं, त्या अभ्यासांत लोकांना मास्क वापरा म्हणून सांगितलं, ते किती जणांनी ऐकलं आणि कसा लावला हा वेगळाच विषय.

वॉर्डात आम्ही एन-95 लावायचो तेव्हा नाकावरची पट्टी दोन्ही बोटांनी दाबून बसवायची, जोरात फुंकून बघायचं, कडेने हवा आली की परत बसवायचा. सुरुवातीला पुरेसे नव्हतेच, मग खाकी कागदी पिशवीवर आपलं नाव आणि वार लिहून त्यात सुकायला ठेवायचा, काही दिवसांनी तोच परत. ड्युटी संपली की नाकाच्या हाडावर लाल वळ. हे सगळं हौस म्हणून केलं का आम्ही?

निनाद_के:
सिस्टर, तुमच्याबद्दल आदर आहेच, पण वॉर्ड वेगळा आणि रस्ता वेगळा. डेन्मार्कमध्ये 2020 मध्ये सुमारे 6000 लोकांवर प्रयोग झाला, अर्ध्यांना सर्जिकल मास्क दिले. मास्कवाल्यांत 1.8 टक्के बाधित, बाकीच्यांत 2.1. एवढा फरक योगायोगानेही पडतो. आणि एवढ्यासाठी मी पहाटे टेकडीवर एकटा चालताना तोंड बांधून फिरायचं?

वैशाली_जो:
डेन्मार्कचं अर्धवट सांगू नका. त्यात फक्त घालणाऱ्याला किती संरक्षण मिळतं ते बघितलं होतं, त्याच्यापासून समोरच्याला किती ते नाही. बांगलादेशचा अभ्यास का नाही सांगत? 600 गावं, तीन लाखांच्या वर माणसं. मास्क फुकट वाटले, समजावलं, वापर 13 टक्क्यांवरून 42 वर गेला आणि लक्षणं असलेले, रक्ततपासणीत पक्के ठरलेले रुग्ण साधारण 9 टक्क्यांनी घटले. सर्जिकल मास्कच्या गावांत साठीच्या पुढच्यांमध्ये तर 35 टक्के.

निनाद_के:
आणि कापडी मास्कचं काय आलं त्याच अभ्यासात? तेही लिहा की.

वैशाली_जो:
कापडीचा स्पष्ट फायदा दिसला नाही. लिहिलं. आता खूश?

संतोष७७:
अहो, अभ्यास गेले चुलीत. आमच्या इकडचा मास्कचा दंड घेणारा मार्शल रिक्षा स्टँडच्या मागे उभा राहायचा, माणूस पाणी प्यायला मास्क खाली करतो ना, नेमका तेव्हाच यायचा. माझे 200 घेतले, पावती मागितली तर म्हणे मशीन बंद आहे. आणि तिथेच बाजूच्या बंद हॉलमध्ये पुढाऱ्याचा सत्कार चालू, पन्नासेक माणसं, एकाच्याही नाकावर मास्क नाही, तिकडे कोणी फिरकला नाही.

मधुरा_प:
संतोष, अगदी!! माझ्या भावाला गाडीत एकटा असताना अडवलं, काचा वर. तो कोणाला लागण करणार होता?

गजानन_मा:
दंड नसता तर एकाने तरी घातला असता का? खिशात ठेवून फिरायचे सगळे, मार्शल दिसला की वर. 200 रुपये गेले ते पाच वर्षं धरून बसलाय, माझा चुलता 2021 च्या एप्रिलमध्ये गेला, हळदीला गेला होता, तिथे मास्क लावला म्हणून पोरं हसली त्याला. त्याने काढला. बेडसाठी रात्रभर फिरलो आम्ही.

संतोष७७:
चुलत्यांचं वाईट वाटलं, मनापासून. पण हेच तर म्हणतोय ना मी, हळदीच्या हॉलमध्ये लागण होत होती आणि पावत्या फाडल्या रस्त्यावर, मोकळ्या हवेत. दंडाच्या पैशात मार्शल पुरवणाऱ्या ठेकेदाराचा वाटा असला की माणूस जिथे सोपा सापडतो तिथेच उभा राहणार.

गजानन_मा:
म्हणून मास्क वाईट?

संतोष७७:
वसुली वाईट म्हटलं. नीट वाचा.

मधुरा_प:
माझी आई ओठ वाचून समजून घेते, ऐकू फार कमी येतं. बँकेत, दवाखान्यात, सगळीकडे तोंडं झाकलेली. काउंटरवरच्या माणसाला दोन मिनिटं लांब उभं राहून काचेमागे मास्क खाली घ्या म्हटलं तर ओरडला तिच्यावर. ती नंतर बाहेर जायचीच बंद झाली. 'मास्कने तोटा काहीच नाही' असं कोणी म्हटलं की माझं डोकं फिरतं.

अपर्णा_सिस्टर:
मधुरा, तुझ्या आईचं म्हणणं शंभर टक्के मान्य, आणि हे तेव्हाच व्हायला हवं होतं, अशांसाठी पारदर्शक मास्क किंवा निदान कागद-पेन तरी.

निनाद, टेकडीवर एकट्याला मास्कची गरज नव्हती, हेही मान्य, पण तेवढ्यावरून लिफ्ट, लोकल आणि एसी ऑफिस सुटत नाही. बंद खोलीत एकाचा श्वास दुसऱ्याच्या नाकात जातो, तिथेच मास्क लागतो आणि तिथेच लोक चहासाठी काढून बसायचे. शिवाय वॉल्व्हवाले एन-95 घालून मिरवणारे किती होते! वॉल्व्हमधून आतला श्वास न गाळता बाहेर पडतो, केंद्राने जुलै 2020 मध्ये राज्यांना तसं कळवलंही होतं. ऑक्टोबर 2020 मध्ये राज्य सरकारने तीन पदरी मास्क 4 रुपये आणि एन-95 19 ते 49 रुपये अशा किमती बांधून दिल्या. दंडाची रक्कम सगळ्यांना पाठ आहे, हा भाव किती जणांना माहीत होता? 200 च्या एका पावतीत पन्नास मास्क आले असते.

निनाद_के:
हे पटतं. पावतीऐवजी मास्क हातात दिला असता तर मीही बोललो नसतो. पण सक्ती मला तेव्हाही मान्य नव्हती, आजही नाही.

गजानन_मा:
आणि शेजारी खोकणारा असला की?

निनाद_के:
तर मी स्वतः एन-95 लावेन, नीट दाबून.

संतोष७७:
पण माझ्या पावतीचं कोणी बोलतच नाहीये. मशीन बंद होतं तर पैसे गेले कुठे?