जपानचा रेल्वे पास घ्यावा, की सुटी तिकिटे काढावीत?

धागाकर्ती (रेल्वे लाईन्स, सोलापूर)

येत्या मे महिन्यात आम्ही चौघे, म्हणजे मी, यजमान, दहा वर्षांचा मुलगा आणि सदुसष्ट वर्षांच्या सासूबाई, अकरा दिवसांसाठी जपानला जाण्याचे ठरवत आहोत. आराखडा असा आहे: नारिता विमानतळावर उतरून पहिल्या चार रात्री टोकियोत, पाचव्या दिवशी बुलेट ट्रेनने क्योतो, तेथे चार रात्री, नवव्या दिवशी हिरोशिमा, दहाव्या दिवशी सकाळी मियाजिमा बेट पाहून रात्रीपर्यंत पुन्हा टोकियो आणि अकराव्या दिवशी नारिताहून परतीचे विमान. विमानाची तिकिटे अद्याप काढलेली नाहीत.

प्रश्न आहे तो देशभर जपान रेल्वेच्या (जेआर) गाड्यांतून फिरू देणाऱ्या सात दिवसांच्या जपान रेल पासचा. त्यावरून घरात दोन तट पडले आहेत. यजमान म्हणतात, पास घ्यायचाच. त्यांचे वडील एसटीचा ‘आवडेल तेथे प्रवास’चा सात दिवसांचा पास काढून सगळ्या घराला सोलापूरहून कोल्हापूर, रत्नागिरी, गणपतीपुळे असे फिरवून आणत, आणि प्रत्येक स्टँडवर तिकिटासाठी खिशात हात घालावा लागत नाही यातले सुख वहीतल्या आकड्यांत मांडता येत नाही, असे त्यांचे म्हणणे आहे. मला ते पटते, परंतु माणशी ५०,००० येन म्हटले की हात आखडतो. मुलाला निम्मा आकार धरला तरी चौघांचे १,७५,००० येन होतात. ज्यांनी हा प्रवास केला आहे त्यांनी कृपया आपले मत कारणांसह मांडावे.

जुळे सोलापूर

ताई, माझे मत स्पष्टपणे विरोधात आहे. या पासची जी कीर्ती आजही ऐकू येते ती जुन्या किमतीची आहे. ऑक्टोबर २०२३ पूर्वी सात दिवसांचा पास २९,६५० येनला मिळत असे आणि टोकियोहून क्योतोला जाऊन येण्याचे भाडेच सुमारे २८,००० येन असल्यामुळे, वाटेत आणखी एखादे गाव केले की पास वसूल होत असे. त्या महिन्यात किंमत एकदम ५०,००० करण्यात आली, चौदा दिवसांचा पास ४७,२५० वरून ८०,००० झाला आणि एकवीस दिवसांचा १,००,००० येनवर गेला. जुने प्रवासवर्णन वाचून ‘पास तर घ्यायलाच हवा’ असे सांगणाऱ्यांनी हा बदल लक्षातच घेतलेला नसतो.

आता तुमचा मार्ग घ्या. आरक्षित आसनाचे भाडे टोकियो ते क्योतो सुमारे १४,०००, क्योतो ते हिरोशिमा सुमारे ११,५०० आणि हिरोशिमा ते टोकियो सुमारे १९,५०० येन, म्हणजे तिन्ही मिळून ४५,००० येन. मुलाला तिकिटातही निम्मेच भाडे असल्याने तुमच्या घराची साडेतीन तिकिटे धरली, तर सुट्या तिकिटांचे १,५७,५०० आणि पासचे १,७५,००० होतात. साडेसतरा हजार येन जास्त देऊन हाती काय येते, तर थोडी हळू गाडी. सर्वांत जलद ‘नोझोमी’ गाडी पासात धरलेली नाही. तीत बसायचे तर टोकियो–क्योतो एवढ्याच टप्प्याला माणशी ४,९६० येन वेगळे मोजावे लागतात.

आमच्याच नात्यातील एका जोडप्याला एका सहल कंपनीने चौदा दिवसांचा पास गळ्यात मारला होता आणि त्यांचा लांबचा प्रवास होता फक्त टोकियो–क्योतो आणि परत. त्यांनी ते पासाचे कागद अजून जपून ठेवले आहेत, परंतु त्यांच्याकडे पाहिले की दोघांच्याही चेहऱ्यावरचे हसू मावळते.

होटगी रोड

वरील हिशेब अपुरा आहे, असे मी नम्रपणे म्हणेन. पास पाचव्या दिवशी सुरू केला तर तो अकराव्या दिवसापर्यंत चालतो, आणि त्या सात दिवसांत ताईंचा प्रवास केवळ तीन बुलेट ट्रेनचा नाही. शेवटच्या दिवशी नारिता विमानतळाला जाणाऱ्या एक्स्प्रेसचे सुमारे ३,०७० येन, क्योतोहून नाराला जाऊन येण्याचे १,४४० येन, हिरोशिमाहून मियाजिमागुचि स्थानकापर्यंत जाण्यायेण्याचे ८४० आणि तेथून बेटावर नेणाऱ्या जेआरच्या फेरीबोटीचे ४०० येन हे सारे त्यात मिळवले, तर बेरीज ५०,७५० येनवर जाते. (बेटावर उतरणाऱ्याकडून घेतला जाणारा १०० येनचा अभ्यागत कर मात्र पासधारकालाही चुकत नाही.) क्योतोच्या मुक्कामात एक दिवस हिमेजीचा किल्ला पाहून आलात, तर आणखी सुमारे १०,००० येनचा प्रवास त्याच पासावर होतो.

परंतु माझा मुख्य मुद्दा पैशांचा नाहीच. माझ्या आईला मी जपानला नेले तेव्हा ती बहात्तर वर्षांची होती. क्योतोला एका सकाळी असा पाऊस लागला की देवळांच्या दगडी पायऱ्यांवर तिला नेणे शक्यच नव्हते. आम्ही स्थानकावर गेलो, पास दाखवून जी गाडी लागली होती तिची आसने घेतली आणि तासाभरात हिमेजीला पोहोचलो, तर तेथे लख्ख ऊन पडले होते. तिकिटे वेगळी काढायची असती, तर चौघांचे चाळीस हजार येन एका लहरीपायी घालवायचे का, यावर आमची स्थानकातच अर्धा तास चर्चा झाली असती आणि शेवटी आम्ही हॉटेलवर परतलो असतो. ज्येष्ठ माणूस सोबत असताना बेत बदलण्याची मोकळीक फार मोलाची असते, आणि पासाचे पैसे मी त्या मोकळिकीसाठी दिले होते.

विजापूर रोड

होटगी रोडकरांचा अनुभव खरा आहे, परंतु त्याची दुसरी बाजू मी भोगली आहे. आमच्या पासाचा तो सातवा, शेवटचा दिवस होता. क्योतोतल्या फुशिमी इनारी देवस्थानाच्या तांबड्या कमानींखाली आम्ही निवांत चाललो होतो, पत्नीला डोंगर चढून वरपर्यंत जायचे होते, आणि माझ्या डोक्यात मात्र एकच विचार घोळत होता की पास आज रात्री संपतो. दुपारी एक वाजता मी सगळ्यांना खाली आणले, गाडी पकडून ओकायामाला नेले. कोराकुएन उद्यानाच्या दाराशी पोहोचलो तेव्हा नोव्हेंबरचा दिवस कलला होता आणि बाग बंद होण्याच्या बेतात होती. वीस मिनिटे पाहून आम्ही तसेच परतलो. गाडीभाडे म्हणून तो दिवस वसूल झाला, परंतु पत्नीचा तो डोंगर राहिला तो राहिलाच.

म्हणून सांगतो, ५०,७५० ही बेरीज पाहून ‘साडेसातशे येन वाचले’ असे मानू नका. त्या बेरजेतला एक टप्पा जरी गळला, एक दिवस जरी सासूबाईंचे गुडघे दुखले, तरी पास तोट्यात जातो. आणि वापर सुरू झालेल्या पासाचे पैसे परत मिळत नाहीत. शिवाय दिवस सलग मोजले जातात. तुम्ही क्योतोत चार रात्री राहणार, आणि शहरातला बहुतेक प्रवास तेथे महापालिकेच्या बसने किंवा भुयारी रेल्वेने होतो, जिथे हा पास चालत नाही. त्या दिवसांचे पैसे मात्र तुम्ही भरलेलेच असतात.

कुर्डुवाडी

मी रोज कुर्डुवाडीहून सोलापूरला नोकरीसाठी येतो आणि गेली कित्येक वर्षे मासिक पास काढतो. माझा पास फायद्याचा आहे, कारण माझी गाडी, माझा मार्ग आणि माझे कामाचे दिवस पास काढण्याच्या आधीपासून ठरलेले असतात. जपानला मी गेलेलो नाही, त्यामुळे भाड्यांबद्दल बोलणार नाही. परंतु आधी मार्ग कायम करावा आणि मगच पासाचा विचार करावा, एवढे मला ठामपणे वाटते. विमानाचेच तिकीट निघाले नसेल, तर हा प्रश्न थोडा लवकर विचारला गेला आहे.

होटगी रोड

विजापूर रोडकर, ओकायामाची घाई पासाने केली नाही, आपण केली. मी पास घेऊनही क्योतोत दोन दिवस एकाही गाडीत बसलो नाही आणि त्याची रुखरुख मला लागली नाही. तरीही सलग दिवसांचा आपला मुद्दा मला मान्य आहे.

सात रस्ता

कुर्डुवाडीकरांनी नेमके बोट ठेवले आहे. या आराखड्यातला सर्वांत महाग आणि सर्वांत निरुपयोगी टप्पा कोणता, तर हिरोशिमाहून टोकियोला परत येणे. माणशी १९,५०० येन आणि निम्मा दिवस केवळ विमान नारिताहून सुटते म्हणून खर्ची पडणार आहे. पास घेतला तर त्या टप्प्यात ‘नोझोमी’ टाळण्यासाठी वाटेत गाडीही बदलावी लागते, म्हणजे सामान आणि सासूबाई यांना घेऊन आणखी एकदा फलाट गाठायचा. विमानाची तिकिटे अजून काढलेली नाहीत, हे सुदैव समजा. जाताना टोकियो आणि येताना ओसाकाजवळचा कान्साई विमानतळ, असे तिकीट पाहा. अशा तिकिटाला भाडे किती वाढते ते तपासूनच ठरवा, परंतु पुष्कळदा फरक थोडाच असतो.

तसे झाले तर टोकियो ते क्योतो हे एकच सुटे तिकीट लागेल. टोकियो–क्योतो अंतर आपल्या सोलापूर–मुंबईच्या जवळपासच आहे आणि ‘नोझोमी’ ते सव्वादोन तासांत कापते. पुढच्या भागासाठी पश्चिम जपानच्या रेल्वेचा ‘कान्साई–हिरोशिमा’ नावाचा पाच दिवसांचा पास आहे. ऑक्टोबर २०२३ पासून त्याची किंमत १७,००० येन आहे, मुलांना निम्मी. त्यात शिन-ओसाका ते हिरोशिमा बुलेट ट्रेन येते, आणि विशेष म्हणजे तेवढ्या पट्ट्यात ‘नोझोमी’ही चालते. नाराची गाडी, हिमेजी, मियाजिमाची फेरीबोट आणि कान्साई विमानतळाला नेणारी ‘हारुका’ एक्स्प्रेसही त्यात आहे. एकच अडचण आहे: क्योतो ते शिन-ओसाका हा टप्पा बुलेट ट्रेनने करता येत नाही, साध्या जलद गाडीने करावा लागतो, आणि त्याला साधारण अर्धा तास लागतो. पास सातव्या दिवशी सुरू केला तर तो बरोबर अकराव्या दिवशी विमानतळावर संपतो.

हिशेब असा: १४,००० अधिक १७,०००, म्हणजे माणशी ३१,००० आणि तुमच्या घराचे १,०८,५०० येन. देशभराच्या पासापेक्षा ६६,५०० येन कमी.

जुळे सोलापूर

हा पर्याय मलाही सुचला नव्हता. माझी सुटी तिकिटेसुद्धा या पर्यायापेक्षा महाग पडतात, हे मान्य करतो.

तारखांबद्दल एक काळजी मात्र मांडतो. एप्रिलच्या अखेरीपासून साधारण ५ मेपर्यंत जपानमध्ये सलग सुट्ट्यांचा काळ असतो, आणि आपल्याकडे शाळांना सुट्टी लागली की आपणही नेमके त्याच वेळी निघतो. त्या दिवसांत ‘नोझोमी’चे सर्व डबे आरक्षित केलेले असतात. कोणताही पास किंवा तिकीट असले तरी आसन आधी राखून ठेवले नाही, तर सासूबाईंना दाराजवळ उभे राहावे लागेल. शक्य असल्यास ती तारीख ओलांडूनच निघावे.

होटगी रोड

सात रस्ताकरांचा हिशेब मी वहीवर पुन्हा करून पाहिला आणि त्यात चूक सापडली नाही. तरीही पाचव्या ते अकराव्या दिवसापर्यंत कोठेही चढावे, कोठेही उतरावे, ही मुभा त्या छोट्या पासात दोन दिवस कमी मिळते आणि तीही एका पट्ट्यापुरतीच. माझ्या आईला घेऊन पुन्हा जायचे असते तर मी पुन्हा मोठाच पास घेतला असता. तिला मधल्या एका स्थानकावर उतरून चहाच्या मळ्यांकडे पाहत बसायचे होते, आणि आम्ही तसे बसलोही होतो. परंतु ज्या घरात प्रत्येक रात्रीचा मुक्काम आधीच ठरलेला आहे, तेथे एवढी मोठी मुभा वापरली जाणार नाही, हेही मला दिसते.

दोन गोष्टी कोणताही निर्णय घेतला तरी लक्षात ठेवा. मोठ्या बॅगेची लांबी, रुंदी आणि उंची मिळून १६० सेंटिमीटरच्या वर जात असेल, तर या बुलेट ट्रेनमध्ये सामानाची जागा असलेले आसनच आरक्षित करावे लागते. आपल्याकडच्या लग्नकार्याच्या बॅगा या मापात बसत नाहीत, तेव्हा निघण्यापूर्वी टेप घेऊन मोजून घ्या. आणि छोटा असो की मोठा, या पासासाठी पासपोर्टवर अल्पकालीन अभ्यागताची नोंद लागते. विमानतळावर ती झाली आहे ना, हे तेथेच पाहून घ्यावे.

धागाकर्ती (रेल्वे लाईन्स, सोलापूर)

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री जेवण झाल्यावर आम्ही चौघांनी बसून हे सगळे प्रतिसाद मोठ्याने वाचले. कान्साईहून परतीचे तिकीट माणशी थोडे महाग पडते आहे, परंतु ती वाढ धरूनही खर्च कमीच येतो आणि दहाव्या दिवसाची धावपळ टळते. त्यामुळे तेच ठरले. जाण्याची तारीख ८ मे केली आहे. यजमानांची थोडी निराशा झाली, पण पाच दिवसांचा का होईना, पास हातात असणार म्हटल्यावर त्यांनी होकार दिला. बॅगा मोजल्या. मोठी बॅग १७१ सेंटिमीटर भरली, ती माळ्यावर परत गेली.

सासूबाईंनी एवढेच विचारले आहे की गाडीतून फुजी पर्वत दिसेल का.

होटगी रोड

ढग नसतील तर दिसेल. टोकियोहून क्योतोला जाताना तो उजव्या बाजूला असतो. साध्या डब्यात एका बाजूला तीन आणि दुसऱ्या बाजूला दोन आसने असतात. त्या दोनच्या बाजूची, म्हणजे डी आणि ई क्रमांकाची आसने मागा, एकामागे एक अशा दोन रांगा. ई खिडकीचे आसन आहे, तेथे आजींना बसवा आणि शेजारी नातवाला. गाडी सुटल्यावर साधारण चाळीस मिनिटांनी शिन-फुजी स्थानक मागे पडते. सकाळची गाडी घ्या, दुपारी धुके चढते.